जुना कॉम्प्युटर दिसावा म्हणून नव्याचा फायरवॉल बंद करू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून आमच्या ओळखीत बऱ्याच जणांनी विंडोज ११ वाले नवीन लॅपटॉप घेतले. पण जुना डेस्कटॉप काही कोणी लगेच भंगारात देत नाही, तो कोपऱ्यातल्या टेबलावर तसाच चालू असतो कारण त्याच्यात कित्येक वर्षांचं काम पडलेलं आहे. मग आठवड्याभरात प्रश्न येतोच की दोन्ही एकाच वायफायवर आहेत तर जुन्यातल्या फायली नव्यावर दिसत का नाहीत. कोणीतरी कॉम्प्युटर रिपेअरवाल्याला बोलावतं, तो येतो, नव्या लॅपटॉपचा फायरवॉल (नेटवर्कवरून आत येणाऱ्याला अडवणारा पहारेकरी) बंद करतो, पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करतो, एसएमबी वन (फायली देण्याघेण्याची जुनी पद्धत) चालू करतो, फोल्डरला एव्हरीवन फुल कंट्रोल देतो (म्हणजे कोणीही उघडा, बदला, पुसा), आणि फायली दिसायला लागतात. लोक खूश होतात, पैसे देतात. हे मी वेगवेगळ्या घरांत इतक्यांदा बघितलंय की आता गप्प बसवत नाही म्हणून हे पत्र लिहितेय.

मी घरी डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर पानं लावायचं काम करते. पुण्यात हे काम घरून करणारे खूप आहेत, सदाशिव पेठ, नारायण पेठेत तर आहेतच पण आता कोथरूड, सिंहगड रोड, धायरीपर्यंत आहेत. आमच्याकडे जुनं मशीन ठेवण्याचं कारण हौस नाही. पेजमेकर ७ हे पानं लावायचं २००१ चं सॉफ्टवेअर, त्यानंतर त्याची नवी आवृत्ती आलीच नाही, आणि त्यात श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लावलेले दिवाळी अंक, स्मरणिका, पाठ्यपुस्तकं, लग्नपत्रिका सगळं अजून पडलंय. लेखकाचा फोन येतो की दुसरी आवृत्ती काढायचीये, मग ती फाईल त्याच मशीनवर उघडते, दुसऱ्यावर उघडली तर अक्षरांच्या जागी भलतंच काहीतरी दिसतं. काहींच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) प्रिंटरच्या त्या जुन्या रुंद पोर्टला लागतं आणि तसलं पोर्ट आजच्या कुठल्या लॅपटॉपला आहे? तेव्हा "टाका की तो डबा" असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की आम्हाला तो लागतो. माझा आक्षेप जुनं वापरण्यावर अजिबात नाहीये, जुन्यासाठी नव्याची कुलपं काढून ठेवतात त्यावर आहे.

आता हे दिसेनासं का झालं ते आधी समजून घेतलं पाहिजे, कारण ते बिघडलेलं नाहीये, मुद्दाम बंद केलेलं आहे. विंडोजचे कॉम्प्युटर एकमेकांना फायली देतात ते एसएमबी नावाच्या पद्धतीने. तिचा उगम १९८० च्या दशकात आयबीएममध्ये झाला, तेव्हा ऑफिसातली चार मशीनं एकमेकांना जोडलेली असायची आणि बाहेरून कोणी चोर येईल ही काळजीच नव्हती. विंडोज एक्सपीला फक्त तिची पहिली आवृत्ती, म्हणजे एसएमबी वन येते. विस्टापासून दुसरी आली, २००९ च्या विंडोज ७ मध्ये तिची सुधारलेली २.१, विंडोज ८ मध्ये तिसरी. मायक्रोसॉफ्ट स्वतः २०१६ पासून सांगत होतं की पहिली वापरू नका, पण ऐकतो कोण.

मग मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस आला. कोणी मेल उघडायची गरज नाही, कुठे क्लिक करायची गरज नाही, एका मशीनमध्ये शिरला की नेटवर्कवरच्या बाकीच्यांच्या एसएमबी वनच्या भोकातून आपोआप आत, आणि सगळ्या फायली कुलूपबंद करून पैसे मागायचा. दीडशेच्या वर देशांत पसरला, इंग्लंडात हॉस्पिटलांची कामं थांबली, आपल्याकडे आंध्रातल्या पोलिसांच्या कॉम्प्युटरनाही फटका बसला. आणि एक गोष्ट लोकांना माहीत नसते की त्यात बळी पडलेली बहुतेक मशीनं विंडोज ७ ची होती, एक्सपीची नव्हे, कारण एक्सपी त्या हल्ल्यात बऱ्याचदा नुसतं क्रॅश होऊन बसायचं. भोक बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं, लोकांनी टाकलेलं नव्हतं. एक्सपीचा सपोर्ट २०१४ लाच संपला होता तरी त्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठीसुद्धा वेगळं अपडेट काढलं, यावरून ते किती घाबरले असतील बघा.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून विंडोज १० च्या नव्या आवृत्तीत एसएमबी वन आपोआप येणं बंद झालं, आणि आधीपासून असेल पण पंधरा दिवस वापरलं गेलं नाही तर विंडोज ते स्वतःच काढून टाकायला लागलं. पण एकदा का कोणी हाताने ते परत बसवलं की विंडोज पुन्हा स्वतःहून काढायला जात नाही. म्हणजे रिपेअरवाल्याने पाच मिनिटांच्या कामासाठी जे चालू केलं ते तो लॅपटॉप असेपर्यंत चालूच राहणार, आणि तो लॅपटॉप घरातली मुलगी कॉलेजात नेते, कॅफेत नेते, हॉस्टेलच्या वायफायवर लावते, फायरवॉल बंद असलेलाच. याची कल्पना घरात कोणालाच नसते.

आता माझा मुख्य मुद्दा. जुनं मशीन विंडोज ७ असेल तर एसएमबी वनची काही म्हणजे काही गरज नाही! त्याला दुसरी आवृत्ती येते, विंडोज ११ लाही ती येते, दोघांचं जमतं. तरी आपल्याकडे सरसकट सगळ्यांना एकच औषध दिलं जातं कारण यूट्यूबवरच्या व्हिडिओत तसं सांगितलेलं असतं. विंडोज ७ दिसत नाही त्याची कारणं वेगळी असतात आणि बरीचशी साधी असतात.

सगळ्यात जास्त सापडणारं कारण म्हणजे दोन राउटर. फायबर कनेक्शनवाले भिंतीवर जो डबा लावून जातात त्यालाच वायफाय असतं, पण आतल्या खोलीत रेंज येत नाही (पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या भिंती तर विचारूच नका) म्हणून लोक बाजारातून दुसरा राउटर आणतात आणि त्याच्या वॅन पोर्टमध्ये (इंटरनेटची वायर लावायच्या जागेत) वायर लावून मोकळे होतात. झालं, घरात दोन वेगळी नेटवर्कं तयार. एका मशीनचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होतो, दुसऱ्याचा १९२.१६८.० ने, इंटरनेट दोन्हीकडे छान चालतं म्हणून कोणाला शंका येत नाही. कधीकधी एका बाजूने पिंग (समोरचं मशीन उत्तर देतं का बघायची कमांड) जातो आणि उलट बाजूने जात नाही, मग तर माणूस अजूनच गोंधळतो. दोन्हीवर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) टाइप करा आणि पत्त्याचे टिंबांनी वेगळे केलेले पहिले तीन आकडे, म्हणजे १९२.१६८.१ एवढा भाग, जुळतात का बघा, नसतील जुळत तर दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका म्हणजे तो वेगळं नेटवर्क न करता पहिल्याचंच पुढे देईल, ते बटण बहुतेक नव्या राउटरच्या सेटिंगमध्ये असतं. आणि दोन्हीपैकी एक मशीन गेस्ट वायफायवर नाही ना तेही बघा, गेस्टवरच्या मशीनना बहुतेक राउटर घरातल्या बाकीच्या मशीनपर्यंत जाऊच देत नाहीत, त्यासाठीच ते असतं.

दुसरं कारण, नव्या लॅपटॉपने घरच्या वायफायला पब्लिक, म्हणजे बाहेरचं अनोळखी नेटवर्क समजलेलं असतं. विंडोज ११ मध्ये नवीन वायफायला जोडलं की ते पब्लिकच धरतं, ते सेटिंगमध्ये जाऊन प्रायव्हेट करायचं, एवढ्यानेच अनेकांचं काम होतं. फायरवॉल बंद करायची गरज नाही कारण प्रायव्हेट नेटवर्कवर फाईल शेअरिंगला फायरवॉल स्वतःच वाट देतो, फक्त शेअरिंगच्या सेटिंगमध्ये नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाईल अँड प्रिंटर शेअरिंग चालू आहे ना तेवढं बघून घ्या.

तिसरं, नेटवर्कच्या खिडकीत नाव दिसत नाही म्हणजे जोडलं जाणार नाही असं लोक धरून चालतात. ती नावांची यादी पूर्वी एसएमबी वनच्या जोरावर बनायची, आता वेगळ्या पद्धतीने बनते आणि त्यासाठी फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन नावाची सर्व्हिस चालू लागते, ती सर्व्हिसेसमध्ये जाऊन ऑटोमॅटिक करता येते. पण त्याच्या आधी सरळ पत्ता टाकून बघा ना. एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन बॅकस्लॅश देऊन जुन्याचा आयपी, म्हणजे \\१९२.१६८.१.५ असं काहीतरी (आकडे अर्थात इंग्रजी) आणि एंटर. फोल्डर उघडला तर तुमचं शेअरिंग आधीपासून ठणठणीत होतं, नुसती यादी रिकामी होती. मग मॅप नेटवर्क ड्राइव्ह करून ठेवायचं (म्हणजे तो फोल्डर आपल्याच ड्राइव्हसारखा दिसतो) आणि राउटरमध्ये त्या मशीनचा पत्ता पक्का करून टाकायचा म्हणजे उद्या बदलणार नाही.

आणि पासवर्ड. इथे वयस्कर माणसं फार अडकतात. नव्या लॅपटॉपला रोज चार आकडी पिन टाकून आत जायची सवय, मग जुन्या मशीनवरून नव्यावरचा फोल्डर उघडायला गेलं की तो नाव-पासवर्ड मागतो, काका पिन टाकतात, तो नाही म्हणतो, परत टाकतात, परत नाही. पिन फक्त त्या मशीनसमोर बसून चालतो, नेटवर्कवरून चालत नाही. आणि जुन्या मशीनला पासवर्डच ठेवलेला नसेल तरीही विंडोज नेटवर्कवरून आत सोडत नाही, कोरा पासवर्ड फक्त समोर बसलेल्याला चालतो. याला सोपा उपाय म्हणजे ज्या मशीनवर फोल्डर आहे त्याच्यावर एक वेगळा लोकल (त्या मशीनपुरता) युजर तयार करायचा, त्याला नीट पासवर्ड द्यायचा, फोल्डर फक्त त्याच युजरला शेअर करायचा आणि दुसऱ्या मशीनवर तेच नाव-पासवर्ड टाकून सेव्ह करायचं. परवानगी मात्र दोन ठिकाणी द्यावी लागते, शेअरिंगच्या टॅबमध्ये आणि सिक्युरिटीच्या टॅबमध्ये, दोन्हींपैकी जिथे कमी असेल ते चालतं, आणि बरेच जण एकच देतात.

विंडोज ७ वाल्यांपैकी ज्यांनी तेव्हा होमग्रुप (घरातल्या मशीनमध्ये फायली शेअर करायची विंडोजची सोय) वापरला होता त्यांच्यासाठी अजून एक. होमग्रुप २०१८ मध्ये विंडोज १० मधून काढून टाकला, तेव्हा नव्यावर तो शोधत बसू नका. विंडोज ७ च्या ॲडव्हान्स्ड शेअरिंगमध्ये खाली होमग्रुप कनेक्शन्स असं आहे तिथे युजर अकाउंट आणि पासवर्ड वापरा असा पर्याय निवडा.

ज्यांच्याकडे विंडोज ११ प्रो आहे त्यांना २४एच२ आवृत्तीपासून एक वेगळाच मेसेज येतो की तुमच्या ऑर्गनायझेशनच्या धोरणामुळे गेस्ट ॲक्सेस बंद आहे. माझ्या ओळखीच्या एक काकू घाबरून गेल्या, कुठली ऑर्गनायझेशन, लॅपटॉप तर मुलाने घेऊन दिलाय, कोणी हॅक केलाय की काय. असं काही नसतं, बिनपासवर्डाचा फोल्डर उघडायला तो नकार देतोय एवढाच त्याचा अर्थ. समोरच्या मशीनवर वर सांगितल्यासारखा पासवर्डवाला युजर करा, मेसेज जातो. नव्यावर गेस्ट चालू करायची युक्ती नेटवर सगळीकडे सापडते ती करू नका.

आता एक्सपी. इथे मात्र खरंच अडचण आहे कारण त्याला एसएमबी वन सोडून दुसरं काही येत नाही. इथे माझा नियम एकच, जो बदल जुन्यात करता येतो तो जुन्यातच करायचा, नव्याला शक्यतो हात लावायचा नाही.

पहिली गोष्ट एक्सपीचं इंटरनेट तोडा. त्यासाठी वायर काढायची गरज नाही, नेटवर्कच्या सेटिंगमध्ये आयपी हाताने द्या आणि डिफॉल्ट गेटवेची (राउटरच्या पत्त्याची) जागा कोरी सोडा, म्हणजे ते घरातल्या मशीनशी बोलेल पण बाहेर जाणार नाही. त्याने सगळं संकट टळत नाही, घरातलं दुसरं एखादं मशीन बाधित झालं तर ते एक्सपीपर्यंत पोचू शकतं, म्हणून काम नसेल तेव्हा एक्सपी बंदच ठेवा आणि २०१७ चं ते अपडेट त्याच्यात आहे ना बघा.

फायली थोड्या असतील तर मी पेन ड्राइव्हच सांगेन. पेजमेकरच्या फायली असतात केवढ्या, एक अख्खा दिवाळी अंक चित्रं वगळून छोट्याशा पेन ड्राइव्हमध्ये मावतो. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला असू द्या, एक्सपीला तो वाचता येतो, फक्त एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही. पण एक्सपीमध्ये पेन ड्राइव्हचे व्हायरस आपोआप सुरू होतात ही जुनी दुखणी आहेत तेव्हा ऑटोरन बंद करा आणि नव्यावर आणल्यावर स्कॅन केल्याशिवाय काही उघडू नका.

रोजचीच देवघेव असेल तर मधे तिसरं काहीतरी ठेवा. घरात पडलेल्या एखाद्या जुन्या मशीनवर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) टाकून त्यावर एफटीपी या फायली पाठवायच्या जुन्या पद्धतीने एक्सपीच्या फायली घ्यायच्या आणि सांबाने, म्हणजे लिनक्सवर एसएमबी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने नव्या लॅपटॉपला द्यायच्या. सांबा हे १९९२ पासूनचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेलने सुरू केलेलं, आणि त्यानेही २०१९ पासून एसएमबी वन आपणहून बंद ठेवलंय. एफटीपीत पासवर्ड उघडा जातो म्हणून तो वायरवरच चालवा, राउटरमधून बाहेरच्या जगाला उघडू नका, आणि तिथे बँकेचा किंवा मेलचा पासवर्ड तर चुकूनही देऊ नका.

हे काहीच जमत नसेल आणि एसएमबी वन लागणारच असेल तर नव्या लॅपटॉपवर निदान अर्धंच चालू करा. टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ मध्ये एसएमबी १.० (म्हणजेच एसएमबी वन) च्या खाली क्लायंट (दुसऱ्याच्या फायली उघडणारा) आणि सर्व्हर (आपल्या फायली देणारा) असे दोन वेगळे खोके असतात, त्यातला फक्त क्लायंट टिक करा, सर्व्हर नको. वॉनाक्रायने जे भोक वापरलं ते सर्व्हरच्या बाजूचं होतं. म्हणजे फोल्डर एक्सपीवर शेअर करायचा आणि नव्या लॅपटॉपवरून जाऊन तो उघडायचा, उलटं नाही. एक्सपी प्रोफेशनल असेल तर सिंपल फाईल शेअरिंग बंद करून तिथे पासवर्डवाला युजर करता येतो. तशीही उलटी दिशा आता अवघडच झालीये कारण एक्सपी जुन्या पद्धतीने पासवर्ड पाठवतं आणि २४एच२ पासून विंडोज ११ मधून ती पद्धत काढूनच टाकलीये. आणि फायली आणून झाल्या की तो टिक काढायचा, त्याच दिवशी.

ज्यांच्याकडे रिपेअरवाला येऊन गेलाय त्यांनी आज दोन मिनिटं काढून एवढं बघा. फायरवॉल चालू आहे का, एसएमबी १.० समोर टिक आहे का, आणि अख्खा सी ड्राइव्ह तर एव्हरीवनला शेअर केलेला नाही ना. राउटरमध्ये ४४५ नंबरचा पोर्ट (एसएमबीची वाट) बाहेरच्या इंटरनेटसाठी फॉरवर्ड केलेला असेल तर तो ताबडतोब काढा, हे काही जण "ऑफिसातून घरच्या फायली दिसाव्यात" म्हणून करून देतात आणि त्याच्याइतकं धोक्याचं मला दुसरं काही वाटत नाही.

रिपेअर करणारी मुलं वाईट नसतात हे मला मनापासून सांगायचंय. दिवसाला कितीतरी घरं करायची असतात, गिऱ्हाईक डोक्यावर उभं राहून विचारतं झालं का झालं का, आणि कारण शोधण्यापेक्षा सगळं उघडून टाकणं लवकर होतं. म्हणून टिळक रोडवरच्या दुकानदारांना माझी विनंती आहे की तुमच्या मुलांनी घरी जाऊन जे काही चालू-बंद केलं ते बिलाच्या मागे लिहून द्या. मराठीत लिहा, दोन ओळी पुरतात. मग घरचा कोणीही ते नंतर परत जागेवर आणू शकेल. आणि गिऱ्हाइकांनी मशीन विंडोज ७ आहे की एक्सपी हे फोनवरच सांगून टाकावं, कारण उपाय पूर्ण वेगळे आहेत.

आणि आपल्या वर्तमानपत्राला विनंती अशी की तंत्रज्ञानाच्या पानावर नवीन फोनचे कॅमेरे दर आठवड्याला येतात, तर एकदा हा विषय चित्रांसकट घ्या, सेटिंगच्या खिडक्या कशा दिसतात ते दाखवून, कारण ते मेसेज सगळे इंग्रजीत येतात आणि घरात एकटं काम करणाऱ्या माणसाला विचारायला कोणी नसतं. दिवाळी अंकांची कामं पावसाळ्यातच सुरू होतात, त्याच्या आधी छापलंत तर आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना वेळेवर उपयोगी पडेल. पेजमेकरच्या जुन्या फायलींच्या पीडीएफ काढून मजकूर युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत) नेऊन ठेवण्याबद्दलही त्यात लिहा, मी माझ्याकडच्या पुस्तकांचं ते काम सुरू केलंय आणि कोणाला त्यात मदत लागली तर संपादकांमार्फत कळवा, मी करीन.

आपली नम्र,
एक डीटीपी ऑपरेटर वाचक,
कोथरूड, पुणे